खिडकी नंबर चारची रजा

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर चार खिडक्या आहेत. पहिल्या तीन अर्ज, मीटर आणि दाखले यांच्यासाठी, चौथी तक्रारींसाठी. तुम्ही कधी ना कधी तिथे गेला असालच आणि आवाज चढवून बोलला असाल. आवाज आत जावा म्हणून काचेला सात भोकं ठेवलेली आहेत. त्या भोकांच्या आतल्या बाजूला सोळा वर्षं बसलेल्या बाईंना कार्यालयात सगळे 'चार नंबर' म्हणतात. बाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. एका संध्याकाळी घरी मुलीने "आई" म्हणून हाक मारली आणि मान वर न करता बाई म्हणाल्या, "पुढचे."

मुलगी बारा वर्षांची. पहिल्यांदा तिला हसू आलं. पुढच्या आठवड्यात बूट पायाला लागतो म्हणून ती सांगायला आली, तेव्हा बाईंनी तिला लेखी द्यायला सांगितलं. मुलीने खरोखरच वहीचा कागद फाडून अर्ज लिहिला. विषय होता, 'माझ्याशी बोलणेबाबत'. बाईंनी त्यावर आवक क्रमांक टाकला, तारीख घातली, सही केली आणि मग त्यांना रडू फुटलं. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, की यांना तीन आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी आणि या काळात कोणाचंही काहीही ऐकू देऊ नये.

योग असा, की त्याच वर्षी कर्मचारी संघटनेने अकरा दिवस फाटकाबाहेर ठाण मांडून मानसिक स्वास्थ्य रजा मिळवली होती. एकवीस दिवस, भरपगारी. ज्यांना सगळे 'नेते' म्हणतात त्या सरचिटणिसांनी विजयसभेत सांगितलं होतं, की कामगाराला मनही असतं हे आपण व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं आहे. घोषणा देणाऱ्यांत बाई पुढे होत्या. त्या डॉक्टरांचा दाखला घेऊन संघटनेच्या खोलीत गेल्या. नेत्यांनी दाखला वाचला, डोळे पुसले आणि सेवाज्येष्ठता यादी काढली.

करारात दोन अटी होत्या. कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून एका वेळी एकानेच ही रजा घ्यायची, ही व्यवस्थापनाची. वशिलेबाजी होऊ नये म्हणून रजा सेवाज्येष्ठतेनुसारच द्यायची, ही संघटनेची. यादीत बाईंचा क्रमांक एकतिसावा होता. नेत्यांनी हिशेब करून सांगितलं, की पावणेदोन वर्षांत नंबर लागेल.

"पण मला आत्ता होतंय," बाई म्हणाल्या.

"ते मान्यच आहे ताई. पण उद्या ज्याला त्रास होतोय त्यालाच रजा द्यायची म्हटलं, तर साहेब वाटेल त्याला देतील. मग आपण लढलो कशासाठी?"

वशिलेबाजीविरुद्धची घोषणा फाटकाबाहेर बाईंनीच दिली होती.

पहिला क्रमांक भांडारपालांचा होता. एकोणतीस वर्षांच्या सेवेत या गृहस्थांच्या कपाळाला आठी पडलेली कोणी पाहिली नव्हती. जेवणानंतर ते खुर्चीतच असे गाढ झोपत, की बघणाऱ्याला शांत वाटे. व्यवस्थापनाने दाखला मागितला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना तपासून काहीही झालेलं नाही असं लिहून दिलं. हा कामगाराच्या दुःखाचा अपमान आहे म्हणून संघटनेने दोन तास काम बंद ठेवलं आणि दाखल्याची अट रद्द झाली. भांडारपाल तीन आठवड्यांनी परतले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीला पिवळा रंग लागला होता. घर छान रंगवून झालं होतं. बाईंचा दाखला मात्र 'अनावश्यक कागदपत्र जोडून दबाव आणण्याचा प्रयत्न' या शेऱ्यासह परत आला.

मग बाई एकेकाकडे जाऊन नंबर बदलून मागू लागल्या. सगळ्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. दुसऱ्या क्रमांकाचे मीटर तपासनीस तर गहिवरले. म्हणाले, "तुमच्यासाठी जीव देईन बाई, पण नंबर सोडायला सांगू नका. एकदा सोडला की हक्क जातो." त्यांना काय होतंय असं बाईंनी विचारलं. तपासनीस थोडा विचार करून म्हणाले, की अजून काही होत नाही, पण रजेत होईल.

पहिल्या तीन खिडक्यांवरची माणसं बाईंपेक्षा ज्येष्ठ होती. ती एकामागून एक रजेवर गेली आणि त्यांच्या रांगा चौथ्या खिडकीकडे वळवण्यात आल्या. त्यातच व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांचं मन मोकळं करायला एक मदतीचा दूरध्वनी सुरू करायचं ठरवलं. त्यावर बाहेरची शिकलेली माणसं बसणार म्हटल्यावर संघटनेने खासगीकरण हाणून पाडलं. हे काम आपल्यातल्याच अनुभवी माणसाला मिळालं पाहिजे, आणि ऐकून घेण्याचा अनुभव चार नंबरइतका कोणाला होता? बाईंच्या टेबलावर काळा फोन आला. भांडारपाल रोज जेवणानंतर त्यावर बोलत. घरी रंगाचा वास जात नाही म्हणून त्यांचं मन लागत नव्हतं.

एका संध्याकाळी बाईंना स्वयंपाकघरात उभं राहवेना. भिंतीला टेकून त्यांनी पर्समधलं, कार्यालयात वाटलेलं मदतीचं पत्रक काढलं आणि नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. फोन कोणी उचलला नाही. सकाळी काळ्या फोनवर एक न घेतलेला कॉल दिसला. बाईंनी नियमाप्रमाणे नोंद केली, 'संबंधिताने पुन्हा संपर्क साधला नाही.' नोंद करून झाल्यावर त्यांना आठवलं, की तो कॉल आपलाच होता.

पावणेदोन वर्षांनी नंबर लागला. मुलगी आता हाक मारत नसे, अर्जही करत नसे. रजेचा पहिला आठवडा बाई झोपल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच मुलीला हाक मारली, तिने दोन वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "काय गं?" सोळाव्या दिवशी दोघी बागेत बाकावर बसल्या होत्या. मुलगी शाळेतल्या शिक्षिकेची नक्कल करून दाखवत होती. चार नंबर एवढ्या मोठ्यांदा हसल्या, की कोण हसलं ते पाहायला त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, अजून पाच दिवस आहेत. पुरतील.

मागे एक नागरिक उभा होता. त्याच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं आणि खिडकीवर 'कर्मचारी मानसिक स्वास्थ्य रजेवर' अशी पाटी होती. त्याने तक्रार लिहिली, की मानसिक आजाराच्या नावाखाली रजा उपटणारी महिला बागेत खिदळताना आढळली, तरी जनतेच्या पैशावरची ही चैन थांबवावी. साहेबांनी तत्परता दाखवली. हसू शकणारी व्यक्ती आजारी नाही असा निष्कर्ष निघाला आणि रजा सोळाव्या दिवशीच संपली. नेत्यांनी बाईंची समजूत काढली, की एका बाईसाठी भांडून सगळ्यांची रजा धोक्यात घालता येत नाही. पुढच्या फेरीत भांडारपालांचा नंबर होता, त्यांची गच्ची राहिली होती.

तक्रारीखाली सही तुमची आहे. मजकूर मुद्देसूद आहे, अक्षरही चांगलं आहे. पोच तयार आहे, कामाच्या वेळात घेऊन जा. खिडकी नंबर चार. बाई रुजू झाल्या आहेत. जाल तेव्हा त्या मान वर करणार नाहीत, फक्त "पुढचे" म्हणतील.