नमुना क्रमांक सहा

श्रमसाफल्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये सव्वीस तारखेला सकाळी दहा वाजता काँक्रीट टाकण्यात येईल, सभासदांनी वाहने बाहेर लावावीत, अशी नोटीस बोर्डावर लागली आणि मला मेटल डिटेक्टर घेणं भाग पडलं.

माझी बायको कुसुम मार्चमध्ये गेली. ती जवळच्या गलोंडा गावची; तिथे पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिच्या आईने तिला पोर्तुगीजांच्या काळातलं चांदीचं एक नाणं दिलं होतं. लग्नानंतर ते गळ्यात घालायचं म्हणून कारखान्यातल्या ड्रिल मशीनवर मी त्याला भोक पाडलं. भोक कडेला सरकलं. मी राखोलीला तांब्याच्या तारेच्या कारखान्यात क्वालिटी तपासनीस होतो. आमच्याकडे असा माल रिजेक्ट होतो. तिने तो माल वीस वर्षं काळ्या दोऱ्यात घातला.

सोसायटीत तिने सीताफळ लावलं. दोनदा रोप वाळलं. तिसऱ्या वेळी तिने गळ्यातलं नाणं काढून खड्ड्यात टाकलं आणि रोपाने मूळ धरलं. पुढे पार्किंगसाठी झाड काढलं, माती जेसीबीने सगळीकडे पसरली, वर पेव्हर ब्लॉक बसले. आता ब्लॉक उचलले होते आणि काँक्रीट यायला बारा दिवस होते. तिची दुसरी कुठली वस्तू मला नको होती. साड्या वाटून झाल्या होत्या.

वॉचमन नथू शिरपूरकडचा. तो म्हणाला, "भाऊ, मशीन कसाले? सीताफळ कोठे व्हतं ते माले मालूम शे. मी सब्बल मारस, निघी जाई."

"माती हललीय नथू. अंदाजाने होत नाही."

अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर माझ्या अंगावरून डिटेक्टर फिरला होता. कोणी तांबं नेऊ नये म्हणून. कुसुमने भरून दिलेल्या स्टीलच्या डब्यावर तो रोज वाजायचा आणि रोज डबा उघडून दाखवावा लागायचा. त्यामुळे या यंत्रावर माझा विश्वास होता.

मी सुरतेला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कॉइन के लिए चाहिए या खजाने के लिए? खजाने का महंगा आता है, उसमें गॅरंटी नहीं।"

मी म्हटलं, एक नाणं आहे.

"एक ही?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "लोग तो पूरा घडा बोलते हैं।"

त्याने तीन यंत्रं काढली. एक मुलांच्या खेळण्यासारखं होतं. दुसरं वीस फुटांवरचं सोनं दाखवतं असं खोक्यावर लिहिलं होतं, पण मी काउंटरवर त्याची अंगठी दाखवली तर वाजलं नाही. तो म्हणाला, "ये नजदीक का नहीं देखता।" तिसरं मध्यम होतं. मी दहाचं नाणं फरशीवर ठेवून ते फिरवलं. ते नाण्यावर वाजलं, नाण्याशेजारी वाजलं, दारापर्यंत वाजत गेलं. फरशीखाली सळया होत्या. दुकानदार खूश झाला. "देखा? सब जगह पकडता है।" दुकानाबाहेर मातीत पुन्हा तपासलं, तेव्हा ते फक्त नाण्यावर वाजलं. मी तेच घेतलं.

सोसायटीचे सेक्रेटरी अरविंदराव मूळचे चिपळूणचे. इथल्या सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. ते घरीही शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून बसतात. मी अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"जयवंतराव, नाण्याला माझा विरोध नाही. वहिनींचं आहे. पण सामायिक जागा आहे. उद्या तुमचं यंत्र म्हणेल इथे खणा, परवा म्हणेल जिन्याखाली खणा. यंत्र बरोबर आहे हे कशावरून?"

इथे दुसरा कोणी चिडला असता. मला बरं वाटलं. हा प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारत आलो होतो. कुसुम गेल्यानंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी कामाचं बोललं होतं.

"चाचणी घेऊ," मी म्हणालो.

"पद्धत लेखी द्या."

मी रात्र न घालवता दुपारीच पद्धत लिहून काढली. चाचणीची जागा आधी धातुमुक्त करावी, नाहीतर यंत्र नमुन्यावर वाजलं की खिळ्यावर, हे कळणार नाही. त्यानंतर सहा नाणी सहा इंच खोल पुरावीत. सहाही वाजली तर यंत्र पास. एक जरी चुकलं तर रिजेक्ट. पास होईपर्यंत यंत्राचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये आणि जागा साफ करताना जे निघेल ते सापडलं असं न मानता पोत्यात भरून सील करावं. खाली सही केली. कमिटीने पद्धत एकमताने मंजूर केली. अरविंदराव म्हणाले, आमच्या ऑफिसात तुमच्यासारखा एक माणूस असता तर फार कामं थांबवता आली असती.

मंजुरीत आठ दिवस गेले. चोवीस तारखेला रविवारी आम्ही जागा साफ करायला घेतली. ती कशाने करायची हा प्रश्न आला, कारण दुसरं यंत्र नव्हतं.

"याच यंत्राने करा," अरविंदराव म्हणाले.

"पण हे तपासलेलं नाही."

"म्हणूनच तर जागा साफ करतोय."

मी यंत्र फिरवायचो, वाजलं की नथू खणायचा. खिळे निघाले, बाटल्यांची बुचं निघाली, एक नळ निघाला, स्कूटरचा आरसा निघाला. अकराच्या सुमाराला नथूने मातीचं एक ढेकूळ माझ्या हातात दिलं. मी ते अंगठ्याने पुसलं. भोक कडेला सरकलेलं होतं.

मी ते शर्टाला घासून पुन्हा पाहिलं. मग म्हणालो, "हे तिचं आहे."

अरविंदराव चष्मा लावून जवळ आले. त्यांनी नाणं पाहिलं आणि मग फाईल पाहिली. "जयवंतराव, यंत्र अजून पास नाही. पास नसलेल्या यंत्राला सापडलेली वस्तू सापडली असं मी नोंदवू कसं? सही तुमचीच आहे."

"पन ते तेसना हातमा शे ना," नथू म्हणाला.

"हातात असणं वेगळं, नथू. सापडणं वेगळं."

नथूने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणायला हवं होतं ते मला कळत होतं. पण नियम बरोबर होता. तारेचं रीळ डोळ्यांना चांगलं दिसतंय म्हणून मी कधी पुढे पाठवलं नव्हतं.

वरून चौथ्या मजल्यावरच्या मनीषाताई म्हणाल्या, "अहो, देऊन टाका ना त्यांना. त्यांच्या बायकोचं आहे."

"देणारच आहोत ताई," अरविंदराव वर बघून म्हणाले. "पण रीतसर." मग त्यांनी मार्ग काढला. माणूस म्हणून ते खरोखरच वाईट नाहीत. चाचणीसाठी नाणी पाचच गोळा झाली होती. "हे सहावा नमुना म्हणून पुरा. यंत्र पास झालं की तुम्हाला ते अधिकृतपणे सापडेल. मी प्रोसीडिंगमध्ये घेतो. मग कोणी बोलायला नको."

मला हे पटलं. मी स्वतः खड्डा केला, पट्टीने सहा इंच मोजले आणि नाणं आत सोडलं. माती दाबली. खुणेची काठी रोवली आणि तिला चिठ्ठी लावली. नमुना क्रमांक सहा.

चाचणी चार वाजता झाली. पहिला नमुना वाजला. दुसरा, तिसरा, चौथा वाजला. पाचवा जरा हळू वाजला, पण वाजला. सहाव्यावर मी यंत्र नेलं. वाजलं नाही. आडवं फिरवलं, उभं फिरवलं. नाणं आत पडताना कडेवर उभं राहिलं असावं. उभ्या नाण्याचा आवाज कमी येतो, हे माहितीपुस्तकात दिलेलं आहे. मी चार वेळा फिरवलं.

"भाऊ," नथू म्हणाला. तो काठीपाशी पहार घेऊन उभा होता. "आठेच शे. मना पायखाले शे."

"मला माहीत आहे."

"मग खंदू?"

अरविंदरावांनी फाईल माझ्यापुढे धरली. एक नमुना चुकला होता. यंत्र रिजेक्ट. रिजेक्ट यंत्राच्या आधारे सामायिक जागेत खणता येत नाही. नवीन यंत्र आणलं तर नवीन अर्ज, आणि कमिटीची पुढची सभा सात तारखेला. त्यांनी खिशातलं एक पेन काढून दिलं. मी रिजेक्टच्या रकान्यात सही केली. सही नेहमीसारखीच आली.

सव्वीस तारखेला काँक्रीट दहा वाजून दहा मिनिटांनी आलं. काठी कोणी काढली नव्हती. मीच काढली, मिक्सरच्या पाइपात अडकली असती.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस मूर्ख आहे. जागा माहीत होती, काठी रोवलेली होती, वॉचमन बोटाने दाखवत होता. यंत्र कशाला हवं होतं? हे विचारणं सोपं आहे.

कुसुम जाण्याआधी दोन वर्षं बरगडीखाली डाव्या बाजूला बोट ठेवून सांगत होती, इथे दुखतं. जागा एकच. बोट कधी हललं नाही. मी तीन ठिकाणी तिच्या तपासण्या करून घेतल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी तिला फाईल दाखवून म्हणायचो, यात तर काही नाही.

त्या दोन वर्षांत तुम्हीही आला होतात भेटायला. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलात, चहा घेतलात. ती तुमच्यासमोर त्याच जागेवर बोट ठेवून बसली होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि मला विचारलंत, रिपोर्ट काय म्हणतो?

मी फाईल दिली. तुम्ही सगळी पानं उलटलीत आणि म्हणालात, मग ठीक आहे.