अडीच इंचाला सूतभर कमी

डोमाजी बारापात्र्यांनी पहिल्याच भेटीत एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठा माझ्यासमोर उभा धरला, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि जाहीर केलं, "पावणेतीन इंच."

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत आम्ही नुकतंच बिऱ्हाड हलवलं होतं. माझ्या एका काखेत गादीची वळकटी होती, दुसऱ्या हातात स्टोव्ह. अशा अवस्थेतल्या माणसाला कुणी पावणेतीन इंच म्हटलं तर त्यानं हसावं की स्टोव्ह फेकून मारावा, हे मला सुचेना. तोवर अंगठा कुसुमकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे वळला होता. "अन् वहिनी अडीच. बराबर अडीच. पट्टी लावाची गरज नाही."

"वेडा आहे का हो हा माणूस?" कुसुमनं कानात विचारलं.

"शेजारी आहे," मी म्हणालो. पुढच्या काही वर्षांत कळलं की आम्हा दोघांचंही बरोबर होतं.

त्या इंचांचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. डोमाजींच्या पुढच्या खोलीत संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेलं एक भलंमोठं टेबल होतं आणि त्यावर उभा होता एक पेट्रोल पंप. हल्लीसारखा नव्हे. जुना, हातानं हापसायचा, वर काचेची बरणी असलेला. दांडा मारला की पेट्रोल आधी बरणीत चढायचं, मग नळीतून गाडीत उतरायचं. शेजारी पत्र्याचं ऑफिस, कडुलिंबाचं झाड, हवा भरायचा पंप, कापूस भरलेला एक ट्रक. सगळं एका फुटाला अर्धा इंच या मापानं. सावनेर रस्त्यावर कधीकाळी हा पंप खरोखर होता आणि तरुणपणी डोमाजी तिथं मेकॅनिक होते. पुढे बसच्या डेपोत नोकरी करून ते निवृत्त झाले, बायको वारली, मूलबाळ नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा पंप गेला. तो आता ते इंचाइंचानं परत आणत होते, आणि त्यासाठी लागणारा सगळा माल आमच्या घरातून येत होता.

एका सोमवारी मोजणी खात्यातल्या माझ्या ऑफिसला निघालो तर सायकलीची दोन्ही चाकं बसलेली. व्हॉल्वच्या रबरी नळ्या गायब. पाहतो तर डोमाजींच्या पंपाला नवी नळी लागली होती.

"डोमाजी, ही माझी आहे!"

"तुयीच हाये. मी कधी म्हटलं माही हाये?" ते शांतपणे म्हणाले. "पण पाय ना गा बाबू, कशी मापात बसली!"

मापात बसली. या दोन शब्दांपुढे भारतीय दंडविधान लागू नव्हतं. माझ्या एकुलत्या एका कोटाची बटणं ट्रकची चाकं झाली. हे मला कळलं ते साळ्याच्या लग्नात, कोट घालताना. कुसुमच्या तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून त्यांचा कडुलिंब झाला. तुळशीवरून तिनं जे भांडण काढलं ते चौकापर्यंत ऐकू गेलं. त्यावर डोमाजींचं उत्तर, "वहिनी, तुयशीचा लिंब झाला, धरम तं नाही ना बाटला?"

बरणीसाठी त्यांनी दवाखान्यातून इंजेक्शनची रिकामी बाटली मिळवली. त्या काळचं पेट्रोल लालसर असे म्हणून आमच्याकडचं गुलाबाचं सरबत तीत भरलं. तिसऱ्या दिवशी त्या पंपावर मुंग्यांची अशी रांग लागली की ऑफिसच्या दारातून, ट्रकच्या टपावरून, झाडाला वळसा घालून ती थेट बरणीत शिरली. मी म्हणालो, "अभिनंदन. पंप चालला!" डोमाजी महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. महिनाभर आमच्या घरातलं काही नाहीसं झालं नाही. ते सुख मी अजून विसरलो नाही.

त्यांचा दुसरा आवडता शब्द होता 'आलोच'. कुसुम चहा गाळून खिडकीतून हाक मारायची, "भाऊजी, चहा!" पलीकडून उत्तर यायचं, "आलोच!" त्यानंतर चहावर साय धरायची, चहा गार व्हायचा, मी तो पिऊन टाकायचो, आणि मग दारात डोमाजी उभे, नाकाला रंग, विचारत, "झाला का वं चहा?"

आणखी एक वैताग त्यांच्या हनुवटीचा. सदोदित कापलेली आणि जागोजागी कापसाचे बोळे चिकटवलेली. ट्रकमध्ये भरलेला आणि हनुवटीवर लावलेला कापूस एकाच पुड्यातला होता. कारण साधं होतं. त्यांचा दाढीचा आरसा भिंतीवर इतका खाली टांगला होता की पावणेसहा फुटांचा हा माणूस गुडघे वाकवून, कंबर मोडून, मान तिरकी करून दाढी करायचा. ऊठबशा काढता काढता दाढी करणारा इसम मी दुसरा पाहिला नाही.

"अहो, तो खिळा वर ठोका की!" मी कितीदा म्हटलं असेल.

"राहू दे गा. सवय झाली."

दुसऱ्यांच्या दाराच्या कड्या, खुर्च्यांचे पाय, पोळ्यांचे व्यास मोजणाऱ्या माणसाच्या घरात एक खिळा बेमाप होता, आणि त्याचं त्याला काही नव्हतं.

एके दिवशी त्यांना धूळ कमी पडली. आमच्या अंगणात धूळ मुबलक होती, पण ती चालेना. "ही लाल हाये. सावनेर रोडची कोयशाची हाये, काळपट." शेवटी रविवारी मला बसमध्ये कोंबून ते धूळ आणायला निघाले. सावनेरच्या अलीकडे एका वळणावर उतरलो. तिथं एक खड्डा होता आणि खड्ड्यात दोन शेळ्या.

"ही टाकी," डोमाजी एका शेळीकडे बोट दाखवून म्हणाले. "हा पंप. ऑफिस इथं. अन् लिंब इथं, याच्या सावलीत..." ते खाली बसले आणि पिशवी भरू लागले.

येताना कंडक्टरनं पिशवी चाचपली. "काय हाये यात?"

"धूळ."

"धूळ? नागपुरात नाही भेटत का?"

"मापाची नाही भेटत."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "अन् तुमी काय करता, साहेब?"

"हा मोजणी खात्यात हाये," डोमाजींनी अभिमानानं सांगितलं. त्यानंतर नागपूर येईपर्यंत सगळी बस मला त्यांचा अधिकृत साथीदार समजत होती. ती धूळ घरी आल्यावर कुसुमच्या मैद्याच्या चाळणीतून चाळली गेली, हे वेगळं सांगायला नको.

आता गल्लीच्या गणपतीकडे वळतो, कारण खरा घोळ तिथं झाला. गणपतीत डोमाजींच्या पंपाची झाकी, म्हणजे देखावा, मांडायची असं मंडळाचं दरवर्षी ठरायचं. आणि दरवर्षी ऐन वेळी डोमाजी म्हणायचे, "अधुरा हाये." मग घाईघाईनं तोच तो कैलास पर्वत उभा राहायचा. त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी मला गाठलं. "काका, तुमचं ऐकतील ते." मी भरीस पडलो आणि शब्द देऊन बसलो.

"डोमाजी, यंदा झाकी द्यायची. काय अधुरं आहे यात? सांगा!"

त्यांनी बोटानं दाखवलं. ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते, खाकी पँटमधले. कुणीतरी उताणा पडून दुरुस्ती करत असावा. ते मी आधीही पाहिले होते. पण त्या पायांसमोर, लिंबाच्या सावलीत, चपलांचा एक जोड होता. नखाएवढा. अंगठा, पट्टा, झिजलेली टाच, सगळं त्यात होतं. चपलांत माणूस नव्हता.

"इथं बाई उभी रायते," डोमाजी म्हणाले. "तिचं माप भेटून नाही राहिलं."

"मग करा अंदाजानं! अडीच इंच करा, पावणेतीन करा. गणपतीत कोण पट्टी घेऊन येतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणपतीलाच सोंड अंदाजानं लावायला सांगत होतो.

आणि मग ते माप शोधायला बाहेर पडले. दोन दिवसांत गल्लीत हलकल्लोळ! पलीकडच्या बोरकरबाई घागर आपटत आमच्या दारात. "काय वं कुसुम, तुया शेजाऱ्याले आवर! नळावर उभा रायते अन् एक डोळा मिटून आमाले अंगठा दाखवते. एकेकीले! मले म्हणते, 'तुमी नाही, तुमी जास्त हाये.' जास्त म्हणजे काय? माहा मालक घरी आला की सांगतोच म्हणा!"

बोरकर आखाड्यात जाणारे. त्यांच्या हाती डोमाजी सापडले असते तर फुटाला अर्धा इंच याच मापात परत आले असते.

"तुम्ही काही बोलणार नाही," कुसुम मला म्हणाली. "मीच जाते." पदर खोचून ती निघाली आणि मी मागोमाग, कारण हा प्रसंग चुकवणं शक्य नव्हतं.

सकाळची वेळ. डोमाजी आरशापुढे वाकलेले, अर्ध्या गालाला साबण. कुसुमनं दारातूनच सुरुवात केली. सरबत, मंजिऱ्या, चाळणी, बटणं, सगळा इतिहास क्रमानं काढला आणि नळापर्यंत आली. "या वयात शोभतं का, भाऊजी? बायांची मापं घेता?"

डोमाजी वस्तरा धरून तसेच वाकलेले. मग आरशाकडे बघतच म्हणाले, "सगुणाचं माप पाहून राहिलो वहिनी."

सगुणा म्हणजे त्यांची बायको. आम्ही येण्याआधीच गेलेली. इतक्या वर्षांत हे नाव आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"डबा घेऊन ये ती पंपावर. मी गाडीखाली. मले तिचे पायच दिसत. चपला पायल्या की म्हणो, आलोच. अन् ती उभी. नट निघे नाही, मी म्हणो, आलोच. ती उभीच. रोज असंच. चपला मले डोळे मिटून करता येते. वरचं माप नाही आठवत." त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "तिचा फोटो एकच हाये, तो बी बसलेला. नळावर पाहून राहिलो, की कोणी तं तेवढी भेटन. पाहिल्यावर तं समजन ना मले?"

कुसुमचा खोचलेला पदर केव्हा सुटला ते तिलाही कळलं नसावं. ती भिंतीकडे बघत होती.

"भाऊजी, हा आरसा कोणी लावला?"

"तिनंच. मी डेपोत होतो. हातोडी घेऊन सोताच ठोकला खिळा."

"सरका जरा."

डोमाजी सरकले. कुसुम आरशापुढे जाऊन उभी राहिली आणि तिलाही किंचित वाकावं लागलं. आरशाखाली भिंतीच्या चुन्यावर लालसर डाग होते, एकावर एक, बोटांचे. कुंकू लावल्यावर बायका जाता जाता बोट पुसतात, तसे. इतकी वर्षं तिथं साबण उडत होता, पण त्या कोपऱ्याला कुणी चुना लावलेला नव्हता.

"बाई आरसा लावते तो आपल्या डोळ्यांसमोर लावते, भाऊजी," कुसुम म्हणाली. "कुंकू लावायला कोणी वाकत नाही. हे त्यांचे डोळे. याच्यावर चार बोटं कपाळ अन् केस. घ्या माप."

डोमाजींनी पट्टी घेतली. मीच पुढे होऊन तिचं खालचं टोक धरलं. शेवटी, मोजणी खात्यातला माणूस!

"अडीच इंचाले सूतभर कमी," ते हळूच म्हणाले. सूत म्हणजे सुतारी हिशेबात इंचाचा आठवा भाग. मग अर्ध्या गालाच्या साबणासकट ते आमच्याकडे बघून हसले. "लहानशीच होती गा बाबू. मले वाटे, मोठी होती."

त्या गणपतीत झाकी मांडली गेली. लिंबाखाली चपलांत एक ठेंगणी बाई उभी होती, हिरव्या लुगड्यातली, हातात डबा. लुगडं कुसुमच्या नव्या ब्लाउजपिसातून कापलेलं होतं, आणि हे तिला मूर्तीपुढे हात जोडल्यावरच कळलं. तिचे जोडलेले हात सुटले, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. बोरकरबाई चपलांकडे बघून पदरानं डोळे पुसत होत्या. बोरकर बरणीकडे बघत विचारत होते, आत खरं पेट्रोल आहे का. एका पोरानं ट्रकखालचे पाय दाखवून विचारलं, "हा कोण हाये?" डोमाजी म्हणाले, "हाये एक. निघूनच राहिला बाहेर."

विसर्जनानंतरच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. माझ्या नव्या छत्रीची एक काडी नाहीशी झाली होती आणि ती कुठं असणार हे शोधायला मला दुसरीकडे जायची गरज नव्हती. डोमाजी नेहमीसारखे गुडघे मोडून, मान वाकडी करून दाढी करत होते. हनुवटीवर दोन बोळे लागलेले होते आणि तिसऱ्याची तयारी चालली होती.

"अहो, आता तरी!" मी ओरडलो. "माप घेऊन झालं, बाई उभी राहिली, झाकी पार पडली. आता तरी तो खिळा वर ठोका!"

"काहून?" डोमाजी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. "आत्ता तं समजलं, मापात हाये म्हणून."

आणि त्यांनी गुडघे आणखी थोडे वाकवले.