आप्पांची रिकामी लाइन

आमच्या कंपनीतले थोरातआप्पा माणसांच्या दोनच जाती मानतात. लीज लाइनवाली आणि शेअरिंगवाली.

चाकणच्या कारखान्यात आप्पा इंटरनेट सांभाळतात आणि मी शेजारच्या टेबलावर बाहेर जाणाऱ्या मालाची बिलं नेटवरून काढते. त्यामुळे हे पुराण मला तोंडपाठ आहे. लीज लाइन म्हणजे फक्त आपल्यासाठी टाकलेली तार, तिच्यावर दुसरं कुणी नाही. शेअरिंग म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांत वाटून घेतलेली. "शेअरिंग म्हंजी तळेगाव चौक," आप्पा सांगतात. "समदे एकाच टायमाला घुसत्यात अन् हॉर्न वाजवत बसत्यात."

याच मापानं ते जगाला मोजतात. कॅन्टीनचा आचारी शेअरिंग, कारण तो चौघांशी गप्पा मारत भाजीत मीठ विसरतो. मेहुणा शेअरिंग. वर्गणीपुरता तोंड दाखवणारा मंडळाचा अध्यक्ष तर "शेअरिंगचा बाप". लीज लाइन त्यांच्या लेखी एकच, त्यांची वारलेली बायको. "माझं वाक्य अर्धं असतानाच तिला पोचल्यालं असायचं."

"आणि मी?" एकदा विचारलं.

"तू बी शेअरिंगच. ऐकतीस माझं, बघतीस मोबाइलात."

खरं होतं, म्हणूनच राग आला.

मग नवे मॅनेजर आले. खर्च कुठे कापता येईल ते हुंगत हुंगत आप्पांच्या टेबलाशी पोचले. "ही लाइन दिवसभर निम्मी रिकामीच असते. रिकाम्या लाइनचं भाडं कशाला भरायचं?"

"सायेब, रिकामी हाय म्हणूनच ती आपली हाय. अन् ही दोन्हीकडनं सारखी पळती. शेअरिंगवर येताना भसाभसा येतं, जाताना मरतं."

साहेब हसले आणि त्यांनी लाइन काढून शेअरिंग घेतलं. त्यानंतर आप्पा रोज खिडकीतून गेटकडे डोळे लावून बसायचे. बिल निघायला उशीर होईल, ट्रकची रांग लागेल, साहेब धावत येतील. कसलं काय! बिलं निघाली, ट्रक गेले. मेलं काहीच बिघडलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

आता त्यांच्याकडे एकच लीज लाइन उरली होती, खिशातली. एक जुना बटणांचा मोबाइल. मुलगी हॉस्टेलला गेली तेव्हा खास तिच्यासाठी घेतलेला. तो नंबर तिच्याकडे, आणि तपासणीपुरता माझ्याकडे. रोज जेवणाच्या सुट्टीत फर्मान सुटायचं, "रिंग दे गं एक." मी द्यायची. ते वाजू द्यायचे, कापायचे. "चालू हाय. ट्रॅफिक न्हाई."

मुलगी राहते पुनावळ्यात. अमेरिकेत नाही, इथून तासाभरावरच्या पुनावळ्यात! तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि दोनच जाती मानणाऱ्या या माणसाला अचानक तिसरी आठवली. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले. पोरगी बापासारखीच, शब्दाची पक्की. नाहीच दाखवलं.

लाइन गेल्यानंतर एका दुपारी ते पुन्हा "रिंग दे" म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. "आप्पा, लीज लाइन दोन्हीकडनं सारखी पळते ना? मग तुम्ही लावलात का कधी तिला फोन?"

आप्पांच्या हातातला घास डब्यात परत गेला. हात पुसून त्यांनी तो जुना मोबाइल काढला आणि न बघता बटणं दाबली. नंबर पाठ होता. कानाला लावला तरी आवाज माझ्यापर्यंत येत होता. आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही. मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. आप्पांनी तिन्ही भाषांत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मी माझा डबा बंद केला. "उठा आप्पा. मी येते बरोबर. पुनावळ्याला जाऊ, आत्ताच्या आत्ता."

ते उठले. मोबाइल नेऊन चार्जिंगला लावला, वायर नीट बसलीय का दोनदा पाहिलं.

"बिघाड तिकडं हाय," म्हणाले. "आपली चालू हाय."

आणि माझ्याकडे न बघता, "उद्या बी रिंग दे, बरं का."