पाहुण्यांसाठी खड्डा

मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, आमच्या गल्लीतला एक माणूस रोज जमिनीत जातो.

माझी पिठाची गिरणी आहे, जळगाव जामोदला. समोरच पुंडलिकभाऊजींचं घर. गिरणीच्या दारातून त्यांचं अख्खं अंगण दिसतं. बारा वाजले की ते डोक्याला ओला पंचा बांधून बाहेर येतात, कुदळ-फावड्यानं कडुलिंबाखाली खड्डा खणतात, टेप लावून मोजतात, त्यात दोन बादल्या पाणी शिंपडतात, आणि चपला काढून आत मुटकुळं करून झोपतात. झालं, दिसायचे बंद! गल्लीत चिटपाखरू नाही, पत्रे तापून कडकड वाजतात, आणि मातीतून नुसता खोकल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला ज्वारीचा डबा खाली पडला. अवं माय, म्हटलं, या माणसानं स्वतःची सोय स्वतःच करून घेतली!

पाच मिनिटांनी ते उठले. अंगाची माती झटकली आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "पाहुणे, गार हाय. चला."

आणि घरातून लांडगा बाहेर आला.

लांडगा नव्हे हो, कुत्राच. बर्फातली गाडी ओढणारी ती हस्की जात असते ना, ती. पांढरं-करडं दाट अंग आणि डोळे निळे. असे निळे की ते आपल्याकडे पाहतात की आपल्या मागं उभ्या असलेल्या कुणाकडे, ते कळत नाही. भाऊजींच्या वरच्या खोलीत सोलरच्या कामावरचा एक इंजिनीअर भाड्यानं राहायचा. त्याची बदली झाली, त्याच्या बाईसाहेब कुत्रा नको म्हणाल्या, आणि ते ध्यान इथं राहिलं. थंड मुलखातून आलाय, आपल्याकडे उतरलाय, म्हणजे पाहुणाच, असं म्हणून भाऊजींनी त्याचं नाव पाहुणे ठेवलं. आणि अहो-जाहो. "पाहुणे जेवले नाहीत आज." "पाहुण्यांले पित्त झालं." त्यांची बहीण एकदा फोनवर हे ऐकून घाबरली. तिला वाटलं, भावानं या वयात सोयरीक जमवली.

"पण आधी तुम्ही काऊन झोपता जी त्या खड्ड्यात?" मी एकदा विचारलंच.

"वा! पाहुण्याले एकट्याले पाठवायचं का? आपण आधी जाऊन पाहाचं."

खड्डा दररोज नवा. कालची माती तापलेली असते म्हणे. पाहुणे सकाळी कडुलिंबाखाली फिरून कुठंतरी पंजानं उकरतात आणि भाऊजी तिथंच खणतात. माप ठरलेलं, साडेचार फूट बाय अडीच. भाऊजी जन्मभर सरकारी मोजणीदार होते. शेताच्या हद्दी मोजण्यात सगळी नोकरी सरली आणि रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. ते पोळीही मोजतात. कुणी जास्त बोललं की त्यांचं एकच वाक्य, "मापात राहा." पण अंगणात साडेचार बाय अडीचचे डझनभर खड्डे असले की माणसाला काय वाटेल? दूधवाल्यानं फाटकातून आत यायचं सोडलं.

त्यात पाहुणे भुंकत नाहीत, रडतात. मान वर करून, डोळे मिटून, ऊऊऊ करत असा सूर लावतात की गिरणीचा पट्टा चालू असतानाही ऐकू येतो. कुत्रं रडलं की कुणीतरी जातं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पलीकडच्या म्हातारीनं तर तीन वेळा सगळ्यांचा निरोप घेतला आणि तिन्ही वेळा संध्याकाळी उठून भाकरी खाल्ली. राखणीच्या नावानं मात्र शून्य! अनोळखी माणूस दिसला की पाहुणे त्याच्या छातीवर पाय ठेवून तोंड चाटतात. चोर आला तर कपाट कुठं आहे ते दाखवतील.

आता खरी गोष्ट. भाऊजी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. आमच्याकडे कुणाच्या कंबरेत उसण भरली की पायाळूची लाथ खातात, आणि भाऊजींच्या दारात अजूनही लोक पाठ करून उभे राहतात. ते लाथ मारत नाहीत. "मापात राहा," म्हणून दार लावतात. पण पायाळूबद्दल दुसरीही एक समजूत आहे, की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं. पायाळू माणूस, निळ्या डोळ्यांचा कुत्रा आणि रोज नवा खड्डा! गिरणीवर दळणाला आलेल्या बायांना दुसरा विषयच उरला नाही.

"वहिनी, सापडते का जी तिथं काही?" एकीनं विचारलं.

माझी जीभ मेली काळी. मी म्हटलं, "सापडते ना! काल हंड्याचं झाकण लागलं. पाहुण्याच्या डोळ्याले जमिनीखालचं दिसते, मंग?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण गिरणीवरून पीठ घरी जातं आणि गोष्ट गावभर जाते. चार दिवसांत भाऊजींच्या फाटकाशी हळदकुंकू लावलेली लिंबं पडायला लागली. दोन मोटरसायकलवाले येऊन कुत्र्याचे फोटो काढून गेले. त्यातल्या एकानं मला विचारलं, "मावशी, याचा जोड मिळते का कुठी?" मी त्याला हाकललं. भाऊजींना मात्र काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सुरुवात कुठून झाली तेही सांगावं लागलं असतं.

अमावस्या होती. सकाळी साडेअकराला भाऊजी गिरणीच्या दारात उभे. पायात चप्पल नाही, हातात रिकामा पट्टा.

"वहिनी, पाहुणे गेले."

"अवो, असतील इथंच कुठं."

"नाही. नेले." त्यांचा आवाज इतका हळू होता की मी गिरणी बंद केली. "स्कूटी काढा. बारा वाजाच्या आत जा लागते. जुन्या बारवीच्या मागं."

बारवीच्या मागंच काऊन, हे विचारायचं मला सुचलं नाही. गावाबाहेर डोंगराच्या अंगाला ती पायऱ्यांची पडकी विहीर आहे. तिकडं दुपारचं कुणी जात नाही. फार वर्षांपूर्वी धनासाठी तिथं एक पोरगं खड्ड्यात बसवलं, ते परत आलंच नाही, आणि अजून भर दुपारी ते रडतं, असं सगळे सांगतात. माझ्या पोरांनी ताटात टाकलं की मी त्याच पोराच्या नावानं त्यांना भिववायची.

उन्हानं पुढचा रस्ता हलत होता. बारव दिसली आणि मी स्कूटी बंद केली, तर कानात नुसती शांतता. एक पाखरू नाही. मग जमिनीखालून आवाज आला. ऊऊऊ. कुत्राच रडतोय हे ठाऊक होतं, तरी पाय उचलेना.

बारवीमागं बाभळीच्या सावलीत तिघं जण बसले होते. ते दोन मोटरसायकलवाले आणि एक काळ्या सदऱ्यातला बाबा. बाबासमोर लाल फडक्यात काहीतरी लांबट गुंडाळलेलं. सुऱ्याची मूठ तेवढी बाहेर दिसत होती. पुढं खड्डा. खड्ड्यात खुंटीला बांधलेले पाहुणे, कपाळाला कुंकू, गळ्यात लिंबांची माळ. आणि भाऊजी दिसल्याबरोबर ते येडं शेपूट हलवायला लागलं!

मी ओरडायला तोंड उघडलं. पण भाऊजी ओरडले नाहीत. ते सरळ चालत गेले, खड्ड्यात उतरले आणि कुत्र्याला खेटून मांडी घालून बसले.

"कुत्र्याले काय कळते, बाबा?" ते म्हणाले. "पायाळू मी हाय. याच जागी बसेल हाय मी, सात वर्साचा होतो तवा. घ्या, कराचं ते करा."

एक मोटरसायकलवाला पुटपुटला, "बाबा... ते पोरगं... हेच तं नाही?" दुसऱ्यानं भाऊजींकडे पाहिलं, मग बारवीकडे पाहिलं आणि उठून पळत सुटला. बाबा काहीतरी मंत्र म्हणायला लागला, तेवढ्यात पाहुण्यांनी मान वर करून सूर लावला. भाऊजींच्या अगदी कानाशी. आणि भाऊजी पापणीही न हलवता बाबाकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू, मलाही त्या क्षणी ते जिवंत वाटले नाहीत. मग मोटरसायकली सुरू झाल्याचा आवाज आला. लाल फडकं तिथंच राहिलं.

मी धावत जाऊन पाहुण्यांची दोरी सोडली. ते टुणकन वर आले आणि माझं तोंड चाटायला लागले. भाऊजी आतच बसून होते.

"मामानं आणलं होतं," ते खाली मातीकडे पाहत म्हणाले. "बापानं हो म्हणलं होतं. दुपारभर खणलं, काहीच नाही लागलं. मंग रागानं निघून गेले सारे. मले म्हणले होते, हलू नोको. म्हून मी हललो नाही. रडून रडून आवाज बसला. दिवस बुडाला तवा आपला आपण निंघालो आन् घरी गेलो. मायनं ताट वाढलं. कुठी होता, हे कोणीच इचारलं नाही. साठ वर्सं झाली, वहिनी, अजून कोणी इचारलं नाही."

त्या पोराचं भूत करून मी माझ्या पोरांना जेवू घातलं होतं.

"भाऊजी, हंड्याची गोष्ट मी उठवली," मी म्हटलं. "माझ्याच तोंडानं झालं हे सारं."

"माहीत हाय मले."

"मंग बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? तुमी आल्या ना संगं. तवा कोणी आलं नव्हतं."

मी खाली वाकून हात दिला. त्यांनी तो धरला आणि वर आले. वर आल्यावर मात्र हात सोडेनात. मीही सोडवला नाही. एका हातानं काही स्कूटी चालवता येत नाही, म्हणून ती बारवीपाशीच सोडली आणि आम्ही तिघं गावाकडे चालत निघालो. वेशीवर चहाच्या टपरीत चार माणसं बसली होती. गिरणीवाली परक्या माणसाचा हात धरून चाललीय, म्हणून सगळ्यांचे कप हातातच राहिले.

पाहू दे म्हटलं.