उजवा विरुद्ध डावा

माणसाला गुडघे दोन असतात आणि त्यांच्याबद्दल वैद्यकीय मतंही निदान दोन असतात. निसर्गाची ही काटेकोर योजना फार थोड्यांच्या लक्षात येते. विमा कंपनीतल्या दावा-अधिकाऱ्यांच्या ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लक्षात आली, ऑफिसच्या क्रीडादिनी, पोत्यात पाय घालून धावताना.

उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. अधिकारी तरीही तिसरे आले. (धावणारे तिघेच होते.) मग महिनाभर सगळा भार डाव्यावर टाकून ते जिने चढले, आणि एके दिवशी डाव्यानेही तसाच आवाज काढला. एमआरआयच्या फोटोत दिसलं, की दोन्ही गुडघ्यांमधली गादी फाटली आहे, आणि वेळीच काही केलं नाही तर गुडघ्यांची झीज ठरलेली.

त्या हॉस्पिटलात फाटक्या गाद्यांचे दोन विभाग समोरासमोर होते. एका दारामागे दुर्बिणवाले डॉक्टर. ते बारीक भोक पाडून, दुर्बिणीतून बघत गादीचा फाटका काठ कातरून देत. समोरच्या दारामागे व्यायामबाई. त्या काहीही न कातरता मांडीचे स्नायू इतके घट्ट करून देत, की गादीने फाटण्याचा विचारच सोडून द्यावा. झीज कोणामुळे थांबते, यावर दोन्ही विभागांचा तुलनात्मक अभ्यास चालू होता. अडचण एकच. कातरलेले आणि न कातरलेले लोक वेगवेगळे निघत. कोणाचं वजन जास्त, कोणाचा स्वभाव वाईट.

अशात एकाच माणसाचे दोन फाटके गुडघे दारात आले. एकच वय, एकच वजन, एकच जेवण, एकच बायको. दुर्बिणवाले डॉक्टर आणि व्यायामबाई त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. उजवा दुर्बिणीला मिळाला, डावा व्यायामाला. अधिकाऱ्यांनी आनंदाने होकार दिला. उभी हयात लोकांच्या मोडलेल्या वस्तूंची तुलना करण्यात गेली होती. आता त्यांच्या स्वतःच्या शरीरात दोन दावे दाखल झाले होते.

ते अत्यंत निःपक्षपातीपणे वागले. व्यायाम डाव्याचाच व्हावा म्हणून त्या वेळी उजवा पाय स्टुलावर ठेवत. उजव्याला उशी मिळाली, तर डाव्याच्या घोट्याला वाळूची पिशवी. आंघोळीला गरम पाणी दोघांना सारखं. कोणी "गुडघा कसा आहे?" असं विचारलं, की ते आधी "कुठला?" असं विचारत आणि मग दोघांबद्दल सविस्तर सांगत. (पुन्हा विचारणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या महिन्यातच शून्यावर आलं.)

फिरणं मात्र बंद झालं. रोज संध्याकाळी ते आणि बायको पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येत. बायको शाळेत गणित शिकवायची. दिवसभर दोघांना बोलायला सवड नसे, त्यामुळे संसारातलं जे काही ठरायचं ते त्या रस्त्यावरच ठरे. मुलीचं कॉलेज, घराचा रंग, कोणाशी अबोला धरायचा आणि किती दिवस.

"अहो, चला की. डॉक्टरच म्हणाले ना, चालायला हरकत नाही?"

"दोन्ही पाय एकदम वापरले, तर कोणामुळे काय झालं ते कळणार कसं?"

चालायला दुर्बिणवाले डॉक्टरही सांगत होते आणि व्यायामबाईही. त्या दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे अधिकाऱ्यांना तिचा दाट संशय आला. बायको एकटीच जाऊ लागली. परत आल्यावर ती काहीबाही सांगायची, पण दारात चपला काढता काढता जेवढं सांगता येतं तेवढंच.

वर्षाने पुन्हा फोटो निघाले. उजवा आणि डावा, दोन्ही अगदी सारखे. दोन्ही विभागांनी आपापल्या खोलीत विजय साजरा केला. मग कोणीतरी शंका काढली, की तुलनेला एखादा धडधाकट गुडघाही हवा. बाहेर बाकावर अधिकाऱ्यांची बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. वय जवळपास तेच, जेवण तेच, आणि रोज चालणारी. तिला आत बोलावलं.

तिचा फोटो दुर्बिणवाले डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी व्यायामबाईंना हाक मारली.

"यांची गादी तर साहेबांच्यापेक्षा जास्त फाटली आहे," बाई म्हणाल्या. "दुखत नाही तुम्हाला?"

"नाही."

"कधीच नाही?"

"आत्ता तुम्ही सांगेपर्यंत तरी नाही."

हॉस्पिटलचा जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला. अधिकाऱ्यांनी ते पाहिलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण ही बाई कठडा धरते हे ते पहिल्यांदाच बघत होते.

त्या संध्याकाळी ती फिरायला गेली नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि साडीवरून गुडघा चाचपत राहिली. वर्षभर त्यांना वाटत होतं, की हिने घटकाभर आपल्याजवळ बसावं, गुडघ्यांचं नीट ऐकून घ्यावं. आता ती बसली होती आणि ऐकायला तयारही होती. अधिकाऱ्यांनी डाव्या घोट्याची वाळूची पिशवी सोडून बाजूला ठेवली.

ते उठले. दोन्ही पायांवर, एकदम.

"चल."

"कुठे?"

"टाकीपर्यंत."

"अहो, माझी गादी फाटली आहे."

"माझ्या दोन फाटल्यात. ऊठ."

पहिल्या वळणापर्यंत दोघं काचेवरून चालल्यासारखी चालली. दुसऱ्या वळणावर मुलीच्या नोकरीचा विषय निघाला. तिने दूरची नोकरी घ्यावी की नाही, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. वर्षभराचं साठलेलंही त्यातच निघालं. रागाच्या भरात बायको आपली गादी विसरली आणि भराभरा पुढे निघून गेली.

"अगं, थांब की जरा!" मागून धापा टाकत अधिकारी ओरडले. इतका आनंद त्यांना तिसरे आल्यावरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रामाणिकपणे सगळं कळवलं. दोन्ही गुडघे एकाच वेळी, एकाच कारणासाठी आणि परवानगीशिवाय वापरल्याबद्दल त्यांना अभ्यासातून काढून टाकण्यात आलं. त्यांच्या बायकोने तर पुन्हा फोटो काढायलाच नकार दिला. अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला, की आणखी अभ्यासाची गरज आहे. त्यासाठी आता नवी माणसं शोधणं चालू आहे.

ती सापडायला कठीण नाहीत. हे वाचता वाचता आपणही मघाशी पाय लांब केलात, गुडघा दोनदा वाकवून पाहिलात आणि काही वाजतंय का ते कान देऊन ऐकलंत. वाचायला बसलात तेव्हा तो दुखत नव्हता ना? मग आपल्यासारखंच कोणीतरी त्यांना हवं आहे.