ब्रेकमधली हवा

शुक्रवारी दुपारी झेलिंदाच्या अंगणात दोन बाप्ये लाल गाडी ढकलत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. दोघं तिचेच मुलगे. थोरला लिबेरो उजवीकडून जोर लावत होता, धाकटा ओरेस्ते डावीकडून, आणि मध्ये एक बैल मावेल एवढी जागा. गेली अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण जमिनीचं नव्हतं, बाईचंही नव्हतं. पियादीनाचं होतं. डोंगरात पियादीना लाटतात ती जाड, हाताला भाकरीसारखं वजन लागेल अशी. खाली रिमिनीला, समुद्रकाठी, ती कागदासारखी पातळ करतात. ओरेस्तेनं रिमिनीची बायको केली, तेवढं झेलिंदानं पचवलं. पण नाताळच्या जेवणात, आईच्या हातची पियादीना तोंडात असताना, तो म्हणाला, "जरा पातळ असती तर मऊ पडली असती."

"मग जा, वर्तमानपत्र खा," लिबेरो म्हणाला. तिथून बोलणं बंद.

आता देवाची करणी बघा. याच लिबेरोची मुलगी मिर्ना उद्या रिमिनीच्याच पोराशी लग्न करत होती.

त्या पोराची आजी आर्जिया. समुद्रकाठी हॉटेल, डोक्यावर हॅट, बोलण्यात साखर. महिन्यापूर्वी येऊन ती म्हणाली होती, "विहीणबाई, नवरीच्या गाडीची काळजी तुम्ही करू नका हो. आमची पांढरी लांब गाडी आहे. आत बर्फाची पेटीसुद्धा आहे."

"बर्फ तुमच्याकडेच असू द्या, मासे ठेवायला उपयोगी पडेल," झेलिंदा म्हणाली. "आमची नवरी तिच्या आजोबाच्या गाडीतून चर्चच्या दारात उतरते."

हे ती नुसतं विहिणीला बोलून थांबली नाही. खाटकाकडे बोलली, बाजारात बोलली, फादरनाही सांगितलं. सगळ्या गावात शब्द फिरला, आता मागे घ्यायला तोंड नव्हतं. आणि गाडी तर तिचा नवरा विद्मेर वारल्यापासून गवताच्या कोठारात ताडपत्रीखाली उभी. दोनच सीटा, त्यातली एक कोंबड्यांनी अंडी घालायला घेतलेली. नवी बॅटरी घातल्यावर इंजिन खोकत खोकत सुरू झालं होतं. पण घरापासून गावापर्यंत नुसता उतार, वळणावर वळण. तिथं इंजिनाला कोण विचारतं, ब्रेक हवेत.

"हँडब्रेक ओढलेला राहिलाय," ओरेस्ते आईकडे बघून म्हणाला. "मागच्या ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटलेत."

"गाडी आत लावली कुणी होती?" झेलिंदानं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

मग लिबेरोनं ट्रॅक्टर जोडला. गाडी निघाली, पण मागची चाकं काही फिरेनात. अंगणात दोन सरळ चर पडले आणि ते थेट कांद्याच्या वाफ्यातून गेले.

"नांगरलंस ते बरं केलंस," झेलिंदा म्हणाली. "आता पेरून टाक काहीतरी."

लिबेरो चिडला. त्यानं ट्रॅक्टरची साखळी सोडली, लाकडी हातोडा घेतला आणि ड्रमवर घाव घालायला लागला. एकावर एक, मग दुसऱ्या चाकावर. धाडकन आवाज झाला. चाकं सुटली आणि त्यांच्याबरोबर गाडीही सुटली, कोणी आत नसताना, उताराकडे. ओरेस्तेनं धावत जाऊन आत उडी मारली, ब्रेकवर पाय दिला. भिजवलेल्या पिठात पाय घालावा तसं पॅडल तळाला गेलं. गाडी खुराड्यात शिरली आणि तिथं थांबली. पाच-सहा कोंबड्या जुन्या ओळखीनं सीटवर येऊन बसल्या.

"थांबली की नाही?" लिबेरो वाऱ्याला म्हणाला.

"ब्रेकनं नाही, कोंबड्यांनी थांबवली!" ओरेस्ते आईला म्हणाला.

एवढी वर्षं उभ्या गाडीत ब्रेकचं तेल झिरपून गेलं होतं, आतले रबर वाळून फुटले होते. नळ्या तर अशा सडल्या होत्या की बोटानं दाबल्या की भुगा. ओरेस्तेनं येताना फोर्ली शहरातून सामान आणलं होतं. मुकाट्यानं खपून त्यानं नळ्या बदलल्या, रबर बदलले, नवं तेल भरलं. लिबेरो तेवढा वेळ दुसऱ्या बाजूनं चाकं घासत राहिला. आता उरली फक्त ब्रेकची हवा काढायची. आणि खरी पंचाईत इथंच होती.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून चाकाजवळचा बोल्ट सोडायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. बोल्ट पुन्हा आवळेपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही. जरा हलला की बाहेरची हवा परत आत.

ओरेस्ते खाली झोपला. लिबेरो आत बसला. झेलिंदा मधे उभी.

"आई, त्याला सांग, दाब."

"लिबेरो, दाब म्हणतोय."

"त्याला सांग, दाबलंय."

"ओरेस्ते, दाबलंय. आणि शर्टाला तेल लावू नकोस, इस्त्रीचा दिसतोय. तुझ्या बायकोनं केली? नवलच!"

"आई! बोल्ट सोडलाय! धरून ठेव म्हणावं!"

"लिबेरो, धरून ठेव म्हणतोय."

"कधीपर्यंत धरू?" लिबेरोनं विचारलं आणि विचारता विचारता पाय उचलला. खालून फुर्र असा आवाज आला. जेवढी हवा गेली तेवढी घरी परतली.

पुन्हा केलं. पुन्हा फुर्र.

"त्याला सांग, त्याचा पाय आहे का बैलाचा खूर?"

आता हे जसंच्या तसं कसं सांगणार? झेलिंदाची जीभ साऱ्या खोऱ्यात प्रसिद्ध, पण गोड बोलायची तिला सवय नव्हती; एकेक गोड शब्द शोधायला वेळ लागत होता. "लिबेरो," ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "तो म्हणतोय, तुझ्या पायात ताकद चांगली आहे."

तोपर्यंत हवा आत जाऊन बसलीसुद्धा होती.

तेलाची शेवटची बाटली अर्ध्यावर आली. झेलिंदानं ती उचलून बघितली, खाली ठेवली. "उद्या ती हॅटवाली आपल्या नवरीला बर्फाच्या पेटीशेजारी बसवून नेणार," ती म्हणाली, "आणि मी गावातून मान खाली घालून चालणार. चालेन. माझी काप्पेलेत्ती उतू जातायत." आणि ती सरळ आत निघून गेली.

काप्पेलेत्ती, म्हणजे लग्नासाठी वळलेल्या सारणाच्या इवल्या करंज्या, अजून उकळायला टाकल्याही नव्हत्या. ती खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली.

अंगणात लिबेरो पॅडलवर पाय ठेवून बसला. बराच वेळ नुसत्या कोंबड्या. मग गाडीखालून आवाज आला, "दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड. अरे, सोड म्हटलं की सोड, गाढवा!"

"गाढव तू! आधी बोल्ट आवळलास का?"

"आवळल्याशिवाय सोड म्हणेन का? अकरा वर्षं झाली, तुझी घाई काही गेली नाही. दाब!"

"दाबलं! तुझी बायको अजून वर्तमानपत्रंच भाजते का?"

"भाजते! धर! तू खाल्लीस तर बोटं चाटशील. सोड!"

"मग कधी बोलावलंस का?"

"बोलावलं! या रविवारी! दाब!"

"आलो! दाबलं!"

चाकामागून चाक झालं. बुडबुडे संपले, स्वच्छ तेल आलं आणि पॅडल दगडासारखं झालं. मग दोघांना चेवच चढला, पॅडलचा दांडा आवळत सुटले. "अजून जरा घट्ट कर." "करतो. आता बघ." "अजून जरा." शेवटी झेलिंदानं बाहेर येऊन स्वतःच्या पायानं दाबून बघितलं. पाय टेकवताच ब्रेक लागत होता.

"या घरात माझं इतक्या लवकर कुणी ऐकलं नव्हतं," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी लिबेरो मुलीला शेजारी बसवून निघाला. मागे ओरेस्तेच्या गाडीत झेलिंदा, त्यामागे 'लागलीच तर' म्हणून आलेली आर्जियाची पांढरी लांब गाडी. उघड्या गाडीत मिर्नाच्या डोक्यावरची जाळी उडू नये म्हणून लिबेरोनं सबंध उतारभर ब्रेकवरचा पाय काढला नाही. ब्रेक तापले, तेल फुगलं, आणि पॅडल इतकं आवळलेलं की फुगलेल्या तेलाला मागे सरायला जागाच नाही. गावच्या वेशीच्या कमानीतून लाल गाडी आत आली, आपोआप हळू झाली आणि अरुंद गल्लीत मधोमध घट्ट उभी राहिली. चारी चाकांतून धूर. चर्चचं दार समोर दिसत होतं.

"जरुरीपेक्षा घट्ट केलंस!" लिबेरो ओरडला.

"अजून घट्ट कर कोण म्हणत होतं?" ओरेस्ते ओरडला. "आता थंड होईल तेव्हाच सुटेल."

आर्जिया हॅट सावरत आली. "विहीणबाई, अहो, मनाला लावून घेऊ नका. नवरीला आमच्या गाडीत बसवू."

"बसवा की," झेलिंदा म्हणाली. "पण तुमची गाडी पुढे जाणार कुठून? आमची मधे आहे ना."

"आज्जी, मी चालत जाते गं," मिर्ना म्हणाली. "हे काय, समोरच तर आहे."

"चालत गेलेलं माणूस गाडीतून उतरतं का? बस गुपचूप."

चर्चपुढे गावातले बाप्ये हातात ग्लास घेऊन उभे होते. दर मे महिन्यात मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती खांद्यावर घेऊन गावभर फिरवणारे ते हेच. झेलिंदानं त्यांच्याकडे बघितलं.

"काय बघताय? ग्लास खाली ठेवा आणि इकडे या. मादोन्ना उचलताना कमरा दुखत नाहीत तुमच्या?"

"मादोन्ना लाकडाची आहे गं, झेलिंदा," एक जण म्हणाला.

"आणि ती जेवायला घालते का? काप्पेलेत्ती हवीत ना? मग या!"

आले. काप्पेलेत्तीला नाही म्हणणारा बाप्या त्या डोंगरात अजून जन्मायचाय. दोन्ही बाजूंनी खांदे लागले, पुढून लिबेरो, मागून ओरेस्ते. एक म्हणे डावीकडे, एक म्हणे उजवीकडे, आणि दोघांच्या भांडणात लाल गाडी नवरीसकट हवेत उचलली गेली. मिर्ना हसून हसून आडवी झाली. घंटा वाजवणाऱ्यानं वरून ते बघितलं आणि लग्नाच्या घंटेऐवजी मादोन्नाच्या सणाची घंटा सुरू केली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सवयीनं क्रूसाची खूण केली. गाडी चर्चच्या दारात अलगद खाली ठेवली आणि नवरी तिच्या आजोबाच्या गाडीतून उतरली.

आर्जिया चिऱ्यांच्या रस्त्यावरून धापा टाकत चालत आली. डोळे अजून मोठेच होते.

"विहीणबाई, तुमच्याकडे नवरी अशी आणतात?"

"मग कशी आणणार?" झेलिंदा म्हणाली.

आर्जियानं हॅट काढून हातात घेतली. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "आमच्या धाकट्या नातीचं लग्न पुढच्या वर्षी आहे. या उचलणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं का हो?"

"चांगलं वर्षभर आधी," झेलिंदा म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली.