जुनिपरचा पहिला नंबर

मी इल्मारी. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या आमच्या क्वोपिओ शहराच्या प्रयोगशाळेत संगणकाच्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो! विषाणूच्या अंगात एक खाच असते. झाडपाल्यातल्या हजारो द्रव्यांचे नकाशे मी संगणकाला देतो आणि तो एकेक त्या खाचेत बसवून बघतो. जे घट्ट बसेल, ते पुढेमागे औषध होऊ शकतं.

नोव्हेंबर होता. बाहेर दुपारी तीनलाच अंधार, आणि आमच्याकडे तर सकाळपासूनच. नाताळपर्यंत काही हाती लागलं नाही तर कुलूप ठोकू, असं संचालक पेन्टीने बजावलं होतं. आमच्या प्रोफेसर सिर्काने जुनिपरच्या झुडपापायी तीस वर्षं घालवलेली. बाईचा चेहरा बघवत नव्हता.

आणि एका सकाळी संगणकाच्या यादीत सगळ्यांच्या वर एक द्रव्य! खाचेत असं बसलं होतं, जसा काही फुकट्या पाहुणा!

"सिर्का! सापडलं! तुझ्या जुनिपरमध्ये!"

"नक्की ना?"

"अगं, त्या फोल्डरमध्ये जुनिपरशिवाय आहेच काय?"

सिर्का चक्क रडली. मग तिने पेन्टीला फोन केला आणि मी बेकरीला. आमच्यात ज्याला यश मिळतं, त्यानेच सगळ्यांना केक खाऊ घालायचा. मी वीस जणांचा सांगितला, आणि त्या द्रव्याचं मोठं चित्र भिंतीवर लावलं! पेन्टी टाय लावून आला, सिर्काचा हात हातात घेऊन म्हणाला, "कुलूप रद्द!"

केक वाटला गेला. तेवढ्यात आमचा उर्हो भिंतीवरचं ते चित्र बघत, तोंडातला घास गिळून म्हणाला, "हे माझं आहे." उर्हो माझ्याच टेबलाशेजारी बसतो. महिन्यातून एखादं वाक्य बोलतो.

"तुझं म्हणजे?"

"औषध आहे. दुकानात मिळतं. संगणक बरोबर ओळखतो का बघायला तुझ्या फोल्डरमध्ये मिसळलं होतं. नेहमीच मिसळतो."

"अरे मेल्या, सांगायचं नाही?"

"सांगितलं की. सॉनात, वाफ घेताना. तू 'हं' म्हणालास."

आता सॉनाच्या बाकावर घामाघूम बसलेला माणूस कशालाही 'हं' म्हणतो! माझं लग्नसुद्धा तसंच ठरलं.

पेन्टीने घसा खाकरला. "बरं, ते सोडा. जुनिपर कितवं?"

"साखरेच्या खाली," उर्हो म्हणाला.

"साखर कुठून आली?"

"तीही मीच घातली. कशालाच न चिकटणारं काहीतरी लागतं ना, तुलनेला."

पेन्टीने टाय सैल केला. "मग सिर्का... नाताळला कुलूपच." तो कोट उचलायला वळला, तर सिर्का बशी घेऊन दारात उभी!

"बस, पेन्टी. केक संपवून जा. तीस वर्षांत इथलं एक तरी काम शेवटपर्यंत जाऊ दे."

पेन्टी निमूट बसला. सगळे खाली मान घालून खात राहिले. मला फार वाईट वाटत होतं हो, खरंच! पण रडू आलं की मला भूक लागते. मी तीन तुकडे खाल्ले.